कोण आलंय

भोपळे आता बोटीनं येतात दुकानात,
नारिंगी, गुळगुळीत, नखानंही कोरता येतील इतके मऊ.
पण आमच्या घरी शलगमच.
दगडासारखं. तीन चमचे वाकले,
फिनलीच्या तळहाताला फोड आला,
आणि काढलेला गर कुंपणापाशी मेंढ्यांनी खाल्ला,
सण कसला, कोणाचा, काही न विचारता.

दोन डोळे, वाकडं तोंड, तीन दात. चौथा तुटला.
आत मेणबत्ती लावली की झाकण करपतं,
जळक्या भाजीचा वास घरभर सुटतो.
त्याच्याशिवाय आमच्या बेटावर ऑक्टोबर संपत नाही.

फिनलीला व्हायचं होतं फेरीबोट.
वॉशिंग मशीनचं खोकं पोटमाळ्यावर होतंच,
धुराड्याला बिस्किटांचा डबा,
खांद्यांवर जुन्या दप्तराचे पट्टे.
निळा रंग संपला म्हणून एक बाजू हिरवी.
एवढं करून बोट दारातून बाहेर निघेना.
शेवटी तिचं नाक कापलं.
तो रडला, मग म्हणाला, खडकावर आपटली असं सांगू.

एफी काही सांगेना.
मेंढीचं कातडं मागितलं, गोणपाटाचा तुकडा, दाभण,
आणि दार लावून घेतलं.
मी खाली पुडिंग बांधत होते:
मनुका, काकवी, चरबी, दालचिनी,
आत कागदात गुंडाळलेली नाणी, एक बटण, एक अंगठी,
वरून पीठ भुरभुरलेल्या फडक्याची गाठ.
चार तास उकळायचं, झाकण उघडायचं नाही.
मी दोनदा उघडलं.

इथली रीत अशी:
दारात जायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही.
घरच्यांनी ओळखायचं,
बुटांवरून, हातांवरून, उभं राहायच्या ढबीवरून.
नाव बरोबर आलं तर मुखवटा काढायचा.
चुकलं तर तसंच उभं राहायचं.

साडेसहाला ती जिना उतरली.
लोकरीच्या जटांखाली गोणपाटाचं तोंड, दोन भोकं,
आणि अंगात
माझ्या वडिलांचा बॉयलर सूट.
बाह्या आत दुमडून टाचलेल्या, कमरेला दोर.
खिशात जाळी विणायची त्यांची सुई अजून तशीच.
फेब्रुवारीपासून तो दारामागच्या खुंटीवर होता.
मला धुववत नव्हता, टाकवत नव्हता.
मी म्हटलं, टोपी घाल, वारा आहे.
मुखवट्यावर टोपी कशी घालणार, हे लक्षात आलं नाही.

शोनागच्या स्वयंपाकघरात दोरीवर स्कोन टांगलेले,
काकवी ठिबकतेय, खाली कुत्रा जीभ काढून बसलेला.
बोट तिनं लगेच ओळखली.
"फिनली! अरे, धूर कुठाय तुझा?"
मग दुसऱ्याकडे वळली. चष्मा पुसला.

एफीनं एक पाऊल पुढं टाकलं,
डावा पाय जरासा ओढत.
हे मी शिकवलेलं नाही.
ओहोटीला शिंपले वेचताना
त्यांच्या मागं मागं चालून उचललं असणार.

"याखन," शोनाग म्हणाली.
विचारल्यासारखं नाही.

गोणपाटाच्या भोकांतून एफीनं माझ्याकडे पाहिलं.
नाव चुकलं होतं. चुकलं होतं ना?
ती तशीच उभी राहिली.

शोनागनं दोरीवरचा एक स्कोन सोडवला, मधोमध मोडला,
सुरीनं लोणी थापलं, बोटभर जाड,
आणि सरळ बॉयलर सूटच्या वरच्या खिशात ठेवला,
कितीदा तरी ठेवल्यासारखा.
"त्याला लोणी जास्त लागतं," मला म्हणाली.
मला माहीत नव्हतं.
एकोणपन्नास वर्षं त्यांची मुलगी आहे मी,
माझ्या घरी ते पावाला लोणी लावतच नसत.

येताना धुराडं उडून खाडीत गेलं.
एफीनं घरी पोचेपर्यंत मुखवटा काढला नाही,
मीही काढ म्हटलं नाही.
पुडिंग मधे जरा कच्चं निघालं.
बटण माझ्या वाट्याला आलं,
अंगठी अजून सापडायची आहे.

आणि खिशाला लोण्याचा मोठा डाग पडलाय.
उद्या सूट धुवायला हवा.